दिवसाउजेडी घाट

मे महिन्यात थंड हवेच्या ठिकाणी जायचं, हे आमच्या घरात अलीकडचं आहे. माझ्या लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे लिंबाखालची बाज, माठातलं पाणी आणि दुपारभर दामटून झोपवणारी आजी. आता माझ्या लेकीला सुट्टी लागली की ती मोबाइलवर मनाली, उटी, महाबळेश्वर काढून बसते. यंदाही बसली होती. शेजारी आई शेंगा फोडत होती. नातीनं दाखवलेले सगळे हिरवे डोंगर तिनं नीट बघितले, चांगले आहेत म्हणाली आणि मग मला म्हणाली, "मला कन्नडचा घाट दाखव. सहा बार गेले त्याच्यातून, पण बघितला न्हाई."

सहा बार म्हणजे तीन हंगाम. १९८०च्या दशकाच्या शेवटी आई आणि दादा कन्नडचा घाट उतरून ऊसतोडीला चाळीसगावच्या बाजूला जात. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. बीड जिल्ह्यातल्या बहुतेक टोळ्या सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात उतरतात. आमच्या मुकादमानं खानदेशातल्या कारखान्याची उचल (आगाऊ रक्कम) घेतली होती, म्हणून आमची माणसं तिकडं. डोकी सेंटर होतं. म्हणजे बैलगाडी नाही. ऊस तोडायचा, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. दिवाळी झाली की गावात ट्रक लागायचा. त्यात दहा-बारा कोयते बसत (आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात), शिवाय ज्वारीची पोती, भांडी, कोंबड्या, एखादी शेळी आणि लेकरं. ट्रक दिवस मावळताना निघायचा आणि घाटात पोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असायची. वरून ताडपत्री. घाट लागला की केबिनमधून मुकादम ओरडायचा, "डोकी खाली घ्या!" बाया लेकरांना पोटाशी धरून, खाली मान घालून बसायच्या. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परत यायचं तेही तसंच, रात्रीचंच.

तिसऱ्या हंगामात मीही होते, चार वर्षांची. मला घाट आठवत नाही. तापलेल्या ब्रेकचा वास आठवतो आणि आईच्या लुगड्याचा खरबरीत काठ.

ठरलं, कन्नडला जायचं. नुसता घाट नाही, घाटाच्या अंगावरचं गौताळ्याचं जंगल आणि पितळखोऱ्याची लेणीही बघायची. ज्याला सांगितलं तो म्हणाला, "मे महिन्यात? तिथं काय बघायचं? पावसाळ्यात जा, धबधबे असतात." हा सल्ला मला लागला. आपल्या डोंगराला आपण वर्षातले दोन-तीन महिनेच डोंगर मानतो. हिरवा झाला, पाणी पडायला लागलं की गाड्या भरून जातो आणि उरलेले नऊ महिने तो आपल्या लेखी ओसाड. पण हे जंगल मुळात पानगळीचं आहे. उन्हाळ्यात पानं टाकून पाणी वाचवणं हा त्याचा जगण्याचा मार्ग आहे. आपण मराठवाड्यातली माणसं, निदान आपल्याला तरी हे कळायला पाहिजे.

पहाटे चारला बीड सोडलं. गाडी मी चालवत होते, शेजारी आई, मागं लेक. डब्यात धपाटे, शेंगादाण्याची चटणी आणि दह्याचा डबा. दोन पिशव्यांत पाणी. आईनं जुन्या सवयीनं कांदाही घेतला होता, उन्हात जाताना कांदा जवळ पाहिजे म्हणून. गढी, गेवराई मागं पडली तोवर अंधारच होता. शहागडच्या पुलावर उजाडलं. आईनं काच खाली करून हात जोडले. आमच्याकडं गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. पुलाखाली गंगेचं पात्र म्हणजे लांबच लांब वाळू, मधे एकदोन ठिकाणी आभाळाच्या रंगाची डबकी. लेकीनं विचारलं, "आजी, पाणीच नाही, मग पाया कुणाच्या पडलीस?" आई म्हणाली, "घरात माणूस नसलं तरी उंबऱ्याला पाय लागला की आपण हात लावतोच की."

पाचोडच्या पुढं मोसंबीच्या बागा लागल्या. २०१२-१३च्या दुष्काळात या पट्ट्यातल्या कितीतरी बागा वाळून सरपण झाल्या होत्या. आता पुन्हा लावल्यात. झाडं लहान आहेत, आळ्यात उसाचं पाचट पसरलंय. आई पाचटाकडं बघत राहिली, काही बोलली नाही.

सोलापूर-धुळे महामार्ग आता संभाजीनगरला बाहेरून वळसा घालतो, दौलताबाद-वेरूळही बाजूला राहतं. रस्ता गुळगुळीत आहे, वेळही वाचतो. मी मुद्दाम जुन्या रस्त्यानं गाडी घातली, कारण ट्रक त्याच रस्त्यानं गेले होते. दौलताबादचा किल्ला डावीकडं दिसायला लागला तरी आईला काही ओळख पटेना. पुढं घाटातल्या दिल्ली दरवाज्याशी आलो. रस्ता सरळ त्या दगडी कमानीतून जातो. समोरून गाडी आली तर एकानं थांबायचं. आम्ही थांबलो. आणि आई ताठ बसली.

"ही येस! ही येस हाय ना ती?"

तिच्या डोक्यात पस्तीस वर्षं एक वेस होती. रात्री कधीतरी ट्रक एकदम हळू व्हायचा, दोन्ही बाजूंनी दगड अंगावर आल्यासारखे वाटायचे आणि ट्रकच्या फाळक्यापासून हातभर अंतरावरून भिंत सरकत जायची. वेस कुठली, गाव कुठलं, कुणी सांगितलं नव्हतं. एका बाईनं म्हणे भिंतीला हात लावला होता आणि दगड गार होता असं सगळ्यांना सांगितलं होतं. आईनं काचेतून हात बाहेर काढला, पण गाडी लहान, भिंत लांब. मी कमानीच्या पलीकडं गाडी कडेला घेतली. ती उतरली, चालत मागं गेली आणि दगडाला तळवा लावून उभी राहिली. मागून येणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं हॉर्न न वाजवता वाट बघितली.

खुलताबाद, वेरूळ, मग कन्नड. ऊन चढलं होतं. दुपार लॉजवर पडून काढली आणि चारच्या पुढं गौताळ्याकडं निघालो.

गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर, काही कन्नड तालुक्यात, काही पलीकडं चाळीसगाव तालुक्यात. सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेचा हा भाग. गौताळा हे नाव गौतम ऋषींवरून आलं असं इथले लोक सांगतात. औट्रम मात्र साहेब होता: १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स औट्रम. कन्नडचा घाट त्याच्या नावानं कागदावर चढला, आपल्या तोंडात तो कन्नडचा घाटच राहिला.

हिवरखेड्याच्या बाजूनं आत शिरलो. सोबत जंगलाची माहिती असलेला गावातला एक तरुण घेतला होता. आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे लांबवर दिसत होतं. पावसाळ्यात जी भिंत असते ती पानांची भिंत गळून गेली होती आणि डोंगराची हाडं-बरगड्या उघड्या होत्या. कुठून ओघळ येतो, कुठं वळतो, कुठं खडकाची पायरी आहे, सगळं वाचता येत होतं. वाळलेलं गवत पिवळं नव्हे, रुपेरी दिसत होतं. त्यात मधेच कांडोळाचं एखादं झाड, पांढरंफटक, एकही पान नसलेलं, चुना लावल्यासारखं. सलईच्या खोडावरची साल कागदासारखी सुटून वाऱ्यावर फडफडत होती.

आणि या सगळ्या वाळक्यात अंजन पालवलेला होता. भर वैशाखात, पाण्याचा टिपूस नसताना अंजनाला कोवळी, तांबूस पानं आली होती. आमच्या सोबतच्या तरुणानं खाली पडलेली एक डहाळी उचलून आईच्या हातात दिली. दोन पाकळ्या एकमेकींना देठाशी चिकटाव्यात तसं पान. लेक म्हणाली फुलपाखरू. आईनं पान तळहातावर ठेवलं, बोटानं त्याची मधली चीर दाबली आणि म्हणाली, "बैलाचं खूर हाय हे. ओल्या रानात उमटतं न्हाई का, तसं." त्यानंतर मला अंजनाचं पान दुसऱ्या कशासारखं दिसतच नाही.

ओढ्याच्या एका खोलगट जागी, जांभळीच्या सावलीत, अजून पाणी टिकून होतं. ताटाएवढंच. आम्ही लांब दगडावर बसलो. तासभर कुणी बोललं नाही, लेकसुद्धा. आधी एक होला आला. मग बुलबुलांची जोडी. मग सावलीतून एक पांढरी फीत सुटून आली. स्वर्गीय नर्तकाचा नर. डोकं काळंशार, अंग दुधासारखं आणि शेपटीची दोन पिसं त्याच्या अंगाच्या दुप्पट लांब. तो फांदीवरून पाण्यावर झेपावायचा, छाती बुडवायचा आणि परत फांदीवर जाऊन बसायचा. पाण्यावरून उठताना पिसांची टोकं ओली होऊन एकमेकांना चिकटायची आणि त्याच्या मागून एकच जाड दोरी आल्यासारखी वाटायची. मग तो अंग झटकायचा आणि परत दोन व्हायच्या. असं सात-आठ वेळा. मला वाटतं मी मे महिन्यात कुठंही यापेक्षा गार काही बघितलेलं नाही.

पुढं एक बांधलेला पाणवठा होता, सिमेंटची उथळ परात असावी तसा. वनखातं असे पाणवठे उन्हाळ्यात भरून ठेवतं. काठच्या चिखलात खुरांची गर्दी होती. रोही, रानडुक्कर, मोराची तीन बोटं. आईनं विचारलं, "ह्याच्यात पाणी कुठून येतं?" तरुण म्हणाला, "टँकरनं, मावशी."

आई बराच वेळ त्या चिखलाकडं बघत होती. "ह्यांनाबी टँकरच का," एवढंच म्हणाली.

आमच्या गावाला जानेवारीपासून टँकर लागलेली वर्षं आहेत. विहिरीत टँकर सोडला की कडेनं पन्नास पोहरे एकदम पडायचे. त्यामुळं तिच्या त्या वाक्यात कीव नव्हती. एका रांगेत उभ्या असलेल्या माणसानं पुढच्याला ओळखावं, तशी ती बोलली.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री अशाच पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राण्यांची मोजदाद करतात. वैशाखातली पौर्णिमा निवडायचं कारण सरळ आहे: चांदणं लख्ख असतं आणि पाणी इतकं कमी उरलेलं असतं की प्रत्येक जीव कधी ना कधी पाण्यावर येतोच. इथं बिबटे आहेत, अस्वलं आहेत, तरस आहेत. पक्ष्यांच्या दोनशेहून जास्त जातींची नोंद आहे. २०२१च्या मार्चमध्ये इथल्या कॅमेऱ्यात वाघ आला. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा. पट्ट्यांवरून त्याची ओळख पटली. मधली सगळी रानं, कपाशीची शेतं, रस्ते, गावं ओलांडून तीनशेच्या वर किलोमीटर चालत तो गौताळ्यात पोचला होता. वयात आलेल्या वाघाला आपली जागा लागते आणि ती जिथं जन्मला तिथं मिळत नाही, म्हणून तो निघतो.

लेकीला वाघ दिसला नाही याचं वाईट वाटत होतं. आईला त्याच्या चालण्याचं पडलं होतं. "एकलाच? रात्रीचंच चालला आसंल," ती म्हणाली. "दिवसा कोण चालू देतंय."

बाहेर पडताना रस्त्याच्या कडेला एक म्हातारी बाई पळसाच्या पानांवर टेंभरांचे वाटे लावून बसली होती. टेंभुर्णी बाहेरच्यांना विडीच्या पानापुरती माहीत असते. तिचं फळ उन्हाळ्यातच पिकतं. पिवळं, लिंबाएवढं, वर टोपीसारखी कडक पाकळी. आईनं दोन वाटे घेतले आणि नातीला खायला शिकवलं. आधी टोपी काढायची, मग अंगठ्यानं साल दाबायची, गर आपोआप वर येतो. बिया चोखायच्या, चावायच्या नाहीत. आणि कच्चं तोंडात घातलं तर जीभ दिवसभर खरखरीत. लेकीनं नेमकं कच्चं घातलं. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडं बघून हसल्या, जणू हे होणार हे दोघींनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पितळखोऱ्याला निघालो, कारण आईचे गुडघे आणि ऊन दोन्ही सांभाळायचं होतं. कालीमठावरून पुढं पठारावर गाडी लावायची आणि दरीत पायऱ्या उतरायच्या. लेणी वरून दिसत नाहीत. पठार सपाट, बोडकं, आणि एकाएकी पायाखालून कापलेलं. आई प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरली. मी दोनदा म्हटलं, इथूनच बघू. तिसऱ्यांदा म्हणाले नाही, कारण तिनं माझ्याकडं बघितलं.

पितळखोरं इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकापासूनचं आहे, म्हणजे अजिंठ्याच्या गाजलेल्या चित्रांपेक्षा कितीतरी जुनं. वेरूळ-अजिंठ्याला जाणारे हजारो लोक इथं येत नाहीत आणि आले तरी मोडतोड बघून हळहळतात. खडक ठिसूळ आहे, लेण्यांची तोंडं कोसळली आहेत, खांब अर्धे उरलेत. पण चौथ्या लेण्याच्या जोत्यावर ओळीनं उभे असलेले हत्ती अजून आहेत. वरची सगळी इमारत आपल्या पाठीवर आहे अशा बेतानं ते उभे आहेत. दाराशी भाले घेतलेले दोन द्वारपाल आहेत. पायऱ्यांशेजारी पाच फण्यांचा नाग आहे. खडकात झिरपणारं पाणी साचू नये म्हणून मागून पन्हळ काढून ते या नागाच्या फण्यांतून बाहेर सोडलं होतं. ज्यानं ही युक्ती केली त्याला पाणी कुठून येईल आणि कुठं जाईल हे डोंगराच्या पोटात शिरून समजलं होतं. आम्ही गेलो तेव्हा नाग कोरडा होता. आईनं एका भोकात करंगळी घालून बघितली.

इथल्या एका यक्षाची मूर्ती दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठेंगणा, पोट सुटलेला, डोक्यावर परडी धरलेला आणि मनापासून हसणारा यक्ष. त्याच्या हातावर करणाऱ्याचं नाव कोरलंय: कण्हदास. आणि धंदा लिहिलाय सोनाराचा. सोनारानं दगड हातात घेतला म्हणून त्या यक्षाच्या गळ्यातले दागिने इतके नीट उतरलेत. हे मला माहीत होतं ते मी सांगितलं. डोक्यावर ओझं आणि तोंडावर हसू, हे ऐकून आई म्हणाली, "करणाऱ्यानं वझं उचललेलं दिसत न्हाई." मला यावर काही बोलता आलं नाही.

भिंतींवर आणि खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत. मगिल नावाचा राजवैद्य आहे. पैठणचा मितदेव आहे, अत्तराचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला. त्यानं एक खांब दिला. पैठण म्हटल्यावर आई सावरून बसली. पैठण तिचं. नाथषष्ठीला ती पायी गेलेली आहे.

"पैठणहून हितं? कसे आले आसतील?"

"बैलांवर माल लादून. हाच रस्ता होता वर जायचा. घाट उतरून खानदेश, तिथून पुढं उत्तरेला."

तिनं बोटांवर मोजलं. "बैलाची चाल धरली तर चार मुक्काम. पाचव्या दिवशी घाट." मग म्हणाली, "म्हंजे घाट उतरायच्या आदल्या दिशी हितं टेकत आसतील. उतार लई वंगाळ, देवाचं करूनच उतरावं."

व्यापारी मार्गावर, घाटाच्या तोंडाशी लेणी कोरली जात, हे अभ्यासकांनी लिहिलेलं मी वाचलं होतं. आईनं ते बैलाच्या चालीवरून काढलं. तिथल्या एका मोडक्या ओट्यावर बसून आम्ही उरलेले धपाटे खाल्ले.

मग घाट.

मराठवाड्याकडून गेलं की या घाटाची एक गंमत आहे, तो चढावा लागत नाही. कन्नडपर्यंत आपण नकळत वर आलेलो असतो. रस्ता सपाट, दोन्हीकडं शेतं, आणि एका वळणावर पुढची जमीनच संपते. सातमाळ्याची दक्षिण बाजू निवांत आहे, उत्तर बाजू कडा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक बसून झालेला काळा खडक, आणि त्याच्या टोकाशी आपण. खाली खानदेश.

वळणाशी जिथं जागा होती तिथं गाडी घेतली. आई कठड्यापाशी गेली. उन्हाची वाफ होती, तरी खालची शेतं, गावांचे ठिपके, रस्त्याची रेघ दिसत होती. कड्याच्या पोटातलं जंगल करडं, त्यात कुठं अंजनाची तांबूस झाक. एक घार आमच्या खालून तरंगत गेली. घारीची पाठ मी पहिल्यांदा बघितली.

आईनं कठडा दोन्ही हातांनी धरला. तिचे हात थरथरत होते.

"एवढं खोल व्हतं?"

मी गप्प राहिले.

"मला वाटायचं, आसंल आपल्या डोंगरासारखं. मुकादम म्हणायचा डोकी खाली घ्या, तर आमी म्हणायचो हा उगंच भ्या घालतो." थोड्या वेळानं म्हणाली, "तू व्हतीस मांडीवर. आन् फाळक्याला कडी नव्हती, दोरी बांधलेली व्हती."

त्या सहा खेपांत एकदा, एकदाच, वाऱ्यानं ताडपत्रीचं टोक सुटलं होतं. दादा ती ओढायला उठले आणि तेवढ्यात आईला बाहेरचं दिसलं. काळोख आणि त्याच्या तळाशी दिवे. तिला कळेना, दिवे आपल्या खाली कसे. तिला वाटलं आभाळ उलटं झालं. तिनं शेजारच्या बाईला सांगितलं तर ती म्हणाली डोळे मिट. हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. कठड्याशी सांगितलं.

२०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं या घाटातून जड वाहनं बंद झाली. त्यामुळं आता तिथं शांतता आहे. त्याआधी दोन वर्षं, २०२१च्या ऑगस्टअखेरीस, एका रात्रीच्या पावसात घाटात दरडी कोसळल्या होत्या आणि खाली चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्यांनी हाहाकार केला होता. हाच डोंगर. वैशाखात पाखराला ताटभर पाणी देणारा.

लेकीला मी दाखवलं, जिथं आपण उभ्या आहोत त्या कड्याच्या अलीकडं पडलेला पाऊस शिवना नदीतून गोदावरीला मिळतो, नाथसागरात जातो. हातभर पलीकडं पडला तर डोंगरी, तितूर, गिरणा, तापी करत अरबी समुद्राला. आई ऐकत होती. "म्हंजे काल सकाळी आपण पाया पडलाव त्या गंगेचं पाणी हितून जातं?" मी हो म्हटलं. तिनं खाली वाकून रस्त्याकडेची माती चिमटीत घेतली, कपाळाला लावली. मग बाटलीतलं थोडं पाणी कठड्याच्या अलीकडं ओतलं आणि थोडं पलीकडं. का ते मी विचारलं नाही.

खाली उतरून पाटणादेवीला गेलो. चंडिकेचं जुनं दगडी देऊळ, तिन्ही बाजूंनी डोंगर, देवळात गारवा. जेवण करून आई मंडपात आडवी झाली. हे पाटण म्हणजे भास्कराचार्यांशी जोडलेलं गाव. १११४ चा जन्म, ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी, आणि त्यातलाच एक भाग लीलावती. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून इथं मठ काढला. शके ११२८ चा शिलालेख त्याची साक्ष आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी जिथं बाजारात येणाऱ्या मालावरचा कर मठाला द्यायचा असं ठरलं, तिथं भाषा मराठी होते. ग्रहगणित संस्कृतात आणि बाजार मराठीत. बाजारातल्या माणसाला समजलं पाहिजे ना! लेकीला हे फार आवडलं. गणित तिचा नावडता विषय, तरी तिनं वहीत भास्कराचार्यांचं नाव लिहून घेतलं.

ऊन कलल्यावर परत फिरलो. चाळीसगावला वळसा घालताना मी आईला विचारलं, कारखान्याकडं जायचं का. ती म्हणाली, "न्हाई. तो बघितलाय."

घाट चढायला लागलो तेव्हा साडेसहा झाले असतील. आई पुढं, काच पूर्ण खाली. लेकीनं मागून टूम काढली, आजी, आपण वळणं मोजू. दोघी मोजायला लागल्या, मोठ्यानं. वानरांची टोळी कठड्यावर बसली होती, तिथं मोजणी थोडी थांबली. आणखी वर, झाडीत मोर ओरडला. माझं लक्ष रस्त्यावर, पण मधेमधे आईकडं बघत होते. प्रत्येक वळणावर ती मान उंच करून, खिडकीतून डोकं जवळजवळ बाहेर काढून, खाली बघत होती.

माथ्यावर आलो. लेकीचा आकडा आणि आजीचा आकडा जुळेना. दोनाचा फरक. लेक म्हणाली आजी, वानरांपाशी तू चुकलीस. आई म्हणाली, मी चुकले न्हाई, तू पोरी एक लहान वळण धरलं न्हाईस. बराच वाद झाला. दोघींचे चेहरे लाल.

"परत उतर," आई मला म्हणाली. "अजून उजेड हाय."

मी आरशात बघितलं, रस्ता रिकामा होता. गाडी वळवली. खाली चाळीसगावच्या बाजूला पहिले दिवे लागत होते.